धारची गौर, देवासची सून

देवासच्या दफ्तरदारांकडे गौर येते ती धारहून, आणि तीही आधी बसनं, मग रेल्वेनं. याला कुठल्याही शास्त्रात आधार नाही. पण दफ्तरदारांचं शास्त्रावाचून कधी अडलेलं नाही. कमी पडलं की ते घरच्या घरी बनवतात.

मूळ गोष्ट साधी होती. दफ्तरदार एके काळी धारच्या दरबारात कारकुनीला होते. पुढं ते देवासला आले, पण गौरीचे सात खडे मात्र धारच्या मुंज तलावाचेच हवेत, हा नेम सोबत घेऊन आले. भाद्रपदात घरातल्या एका सुनेनं धारला जायचं, तलावातून सात खडे उचलायचे, तांब्याच्या गडूत ठेवून वर खण झाकायचा आणि दिवस मावळायच्या आत देवासचा उंबरा गाठायचा. खडे उचलल्यापासून उंबऱ्यापर्यंत गडू खाली टेकवायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. इथवर सगळं ठीक होतं. पण पन्नासेक वर्षांपूर्वी माई नवी सून म्हणून गौर आणायला गेल्या आणि धारच्या बसनं त्यांच्या पोटात असं काही ढवळलं, की इंदूरला उतरल्यावर पुन्हा बसचं नाव काढायची सोय राहिली नाही. सोबतच्या नणंदेनं त्यांना उचलून रेल्वेत बसवलं. पुढल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, ‘गेल्या वर्षी रेल्वेनं आणली होती ना, मग तशीच आणा.’ तिसऱ्या वर्षी ती रीत झाली. आता दारात मोटार उभी असते, बाहेरून रुंद रस्ता झाला आहे, पण गौर इंदूरपर्यंत बसनं आणि पुढं रेल्वेनंच येते. माईंचा धाकटा मयुरेश म्हणतो, ‘बरं झालं माईला रेल्वे नाही लागली, नाहीतर गौर पुढं बैलगाडीत बसली असती.’

यंदा माईंच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी जिना चढायची बंदी केली, तिथं धार कुठली! गौर दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची वेळ आली. आणि त्या घरात ज्या सुनेच्या हाती एकदा गौर गेली, तिच्याकडे ती जन्मभराची. त्यामुळे हा प्रश्न हलका नव्हता.

माईंच्या जाऊबाई राजाबाई, म्हणजे राजाकाकू, यांनी उत्तर तयारच ठेवलं होतं. त्यांची सून देवश्री. देवश्री पुण्याची, शुद्ध बोलायची, कमी बोलायची, कहाणी अशी वाचायची की ऐकणाऱ्याला पुण्य लागावं.

‘मी आणते,’ प्रियांका म्हणाली.

सगळे हसले. मयुरेशसुद्धा हसला, आणि तो तर तिचा नवरा.

हसण्यासारखं होतंच. प्रियांका कुक्षीची, धारच्याही पलीकडच्या गावची. बाजारच्या रस्त्यावरचं घर, हिंदी शाळा, निमाडीत भांडणं आणि मराठी फक्त आजीपुरती. देवासला एका मोठ्या साडीच्या दुकानात ती गादीवर बसायची आणि तिच्यापुढं बसलेलं गिऱ्हाईक पदर बघितल्याशिवाय, बघितला की घेतल्याशिवाय उठत नसे. न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, म्हणतात ते तिला बघूनच म्हटलं असावं. ती झोपेत बोलायची. कुकरशी बोलायची. चुकून आलेल्या फोनवरच्या माणसाच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करायची.

‘प्रियांका आणि मौन!’ राजाकाकू डोळे पुसत म्हणाल्या. ‘अगोबाई, ही वाटेतलं घाटाबिल्लोदसुद्धा नाही गाठायची.’

प्रियांकाला गौर का हवी होती, हे मात्र कुणी विचारलं नाही. पाच वर्षं ती त्या घरात होती. पहिल्या वर्षी तिला गौरीची कहाणी वाचायला दिली, ती दोन ओळींत अडखळली आणि पोथी अलगद देवश्रीच्या हातात गेली. तेव्हापासून तिच्या वाट्याला नारळ फोडणं आणि पत्रावळी मांडणं. तिच्या मराठीवर प्रेमानंच हसत, पण हसत. आणि या घरात एक काम असं होतं, की ज्यात बोलायचंच नव्हतं. जिथं बोलायचंच नाही, तिथं माझी मराठी कोण काढणार? हा हिशेब तिनं मनाशी केला होता, आणि तो तिला फार आवडला होता.

माईंनी सुनेकडे पाहिलं. ‘आण,’ त्या म्हणाल्या. ‘राजा, तू सोबत जा. तिच्या वतीनं तू बोल. आणि ही बोलली, तर मला येऊन सांग. मग पुढल्या वर्षापासून देवश्री.’

‘मोबाइलवर लिहिलेलंही बोलणंच,’ राजाकाकूंनी तिथल्या तिथं शास्त्रात भर घातली.

‘मंजूर,’ प्रियांका म्हणाली.

निघताना माईंनी पितळी थाळी आणि पळी तिच्या पिशवीत ठेवली. गौर उंबऱ्याशी आली की वाजवायची. दफ्तरदारांचा ठेका ठरलेला: तीन संथ, दोन घाईचे. ‘ही थाळी उंबऱ्यावरच,’ माईंनी बजावलं. ‘आधी नाही.’

आदल्या दिवशी दोघी धारला राजाकाकूंच्या माहेरी राहिल्या. सकाळी प्रियांकानं मुंज तलावाच्या काठी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं, मनातलं होतं नव्हतं ते सगळं राजाकाकूंना भरभरून सांगून घेतलं, आणि वाकून पहिला खडा उचलला. त्याबरोबर ओठ मिटले. सात खडे गडूत पडले, वर हिरवा खण बसला, गडू डाव्या कडेवर आला.

बसमध्ये राजाकाकूंनी तिला खिडकी दिली आणि स्वतः शेजारी पहाऱ्याला बसल्या. पलीकडच्या सीटवर सतवासला चाललेली एक गोरीपान बाई होती. तिला कडेवरच्या गडूची उत्सुकता लागली.

‘बेन, इसमें क्या है?’ तिनं थेट प्रियांकालाच विचारलं.

‘वो नहीं बोलेगी,’ राजाकाकू म्हणाल्या. ‘उसका मौन है. मुझसे पूछो.’

त्या बाईनं विचारलं आणि राजाकाकूंनी सांगितलं. नुसतं गौरीचं सांगून थांबल्या असत्या तर त्या राजाकाकू कसल्या! बस धारची वेस ओलांडते न ओलांडते तोच प्रियांकाच्या माहेरापर्यंत पोचल्या. ‘कुक्षी की है. उधर मराठी बची कहाँ है! पढ़ाई भी ऐसी ही. बी.कॉम. में अटक गई बेचारी.’

प्रियांकाचे कान तापले. बी.कॉम. ती पहिल्या झटक्यात पास झाली होती, तेही वरच्या श्रेणीत. आणि कुक्षीत मराठी उरली नाही म्हणे! तिच्या आजीनं याच जिभेवर पाळण्यातली गाणी ठेवली होती. उत्तर जिभेच्या टोकाशी आलं, दातांवर आपटलं आणि परत गेलं. तिनं गडू घट्ट धरला आणि बाहेर पिवळ्या पडत चाललेल्या सोयाबीनकडे बघत राहिली. राजाकाकूंनी हळूच डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं म्हणाल्या, ‘दो बार अटकी.’

म्हातारी मुद्दाम करते आहे, हे प्रियांकाला तेव्हा कळलं. आणि गंमत म्हणजे त्या क्षणी राग पार उतरला. दुकानात गिऱ्हाईक मुद्दाम ‘रंग जाईल ना हो?’ म्हणत डिवचतं, तसलंच हे. तिनं राजाकाकूंकडे वळून असं काही गोड हसून दाखवलं, की त्या पर्समधली तिकिटं उगाच पुन्हा मोजायला लागल्या.

घाटाबिल्लोद आलं. बस थांबली, पोहे आले, चहा आला. ‘काय गं, तिखट आहेत का?’ राजाकाकूंनी अगदी साळसूदपणे विचारलं. प्रियांकानं मान हलवली. घाटाबिल्लोद गेलं. बेटमा आलं आणि तिथं रस्त्याच्या कामापायी बस अशी अडकली, की कंडक्टरसुद्धा खाली उतरून सावलीत बसला. राजाकाकूंचा धीर सुटायला लागला. देवासची सोयीची गाडी चुकली, तर पुढची दिवे लागल्यावर. म्हणजे दिवस मावळला आणि गौर उंबऱ्याबाहेर.

इंदूरला उतरून रिक्षानं स्टेशन गाठेपर्यंत दोघींचा जीव वरखाली होत होता. ‘चल, चल, पाय उचल,’ राजाकाकू पुढं धावत होत्या. पर्स काखेत, तिकिटं पर्समध्ये. ‘मला विचारू नकोस, इंदूर स्टेशन मला तळहातासारखं पाठ आहे.’ प्रियांका विचारणार कशी, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

फलाटाच्या दोन्ही अंगांना गाड्या उभ्या होत्या. राजाकाकू डावीकडच्या गाडीत शिरल्या. वर्षानुवर्षं देवासची गाडी डावीकडेच लागायची, आणि ज्यांना स्टेशन पाठ असतं ते पाट्या वाचत नाहीत. दरवाज्यातली गर्दी त्यांच्यामागं मिटली. प्रियांका गडू सांभाळत मागं राहिली, आणि तिनं डब्यावरची पाटी वाचली. महू.

महू म्हणजे उलट दिशा. देवासची गाडी उजवीकडे होती.

ती दरवाज्याशी धावली. पण आत पोती, ट्रंका आणि माणसं एकमेकांत रुतली होती. कडेवरचा गडू घेऊन तिथं शिरणं म्हणजे खडे सांडणं. ती खिडकीशी आली. राजाकाकू पार पलीकडच्या खिडकीशी पाठ करून बसल्या होत्या आणि शेजारणीला एव्हाना काहीतरी सांगत होत्या. प्रियांकानं जाळीवर हात आपटला. अलीकडच्या माणसानं तिच्याकडे पाहिलं, ‘क्या चाहिए?’ म्हणाला. तिनं पलीकडे बोट दाखवलं. त्यानं पलीकडे बघितलं, तिथं आकाश होतं, आणि तो पुन्हा मोबाइलमध्ये गेला.

गाडीनं शिटी दिली.

एक हाक पुरली असती. ‘काकू!’ बस. साडीच्या दुकानात तळमजल्यावरून वरच्या गोदामापर्यंत पोचणारा आवाज होता तो. पण हाक मारली, की गौर देवश्रीची. पुन्हा नारळ आणि पत्रावळी, जन्मभर. नाही मारली, तर सत्तरीला आलेली बाई महूला निघाली, आणि आपण इथं मौन पाळून उभ्या.

तिनं पिशवीतून थाळी ओढली. उंच धरून हलवावी, उन्हात चकाकेल, कुणाचं तरी लक्ष जाईल. शेजारून जाणाऱ्या एका भल्या माणसानं तिच्याकडे पाहिलं, कडेवरचा झाकलेला गडू पाहिला, हातातली थाळी पाहिली आणि भक्तिभावानं त्यात एक नाणं टाकलं.

ठण्ण!

दोन खिडक्यांतली डोकी वळली. प्रियांकानं एकदा नाण्याकडे पाहिलं, एकदा थाळीकडे. थाळी उंबऱ्यावरच, आधी नाही, हे माईंचं वाक्य तिला आठवलं. मग तिनं गडू कोपरानं पोटाशी दाबला, नाणं अंगठ्याखाली दाबून डाव्या हातात थाळी धरली, उजव्या हातात पळी घेतली आणि वाजवली.

तीन संथ, दोन घाईचे. तीन संथ, दोन घाईचे.

पाच वर्षांतलं जे जे बोलायचं राहिलं होतं, ते सगळं त्या पळीत उतरलं. बी.कॉम. पास झाल्याचं, कुक्षीच्या आजीचं, हातातून निघून गेलेल्या पोथीचं. फलाटावरचे हमाल थांबले. चहावाला थांबला. ‘कईं हुयो, बई?’ कुणी तरी विचारलं. ‘माताजी आई है, भिया,’ दुसरं कुणी म्हणालं, आणि एका आजोबांनी टोपी काढून हात जोडले. डब्याच्या सगळ्या खिडक्या डोक्यांनी भरल्या. गाडीला पहिला हिसका बसला.

तिनं मनात ठरवून टाकलं होतं. आणखी एकदा वाजवायचं. नाहीच ऐकलं, तर ओरडायचं. गौर गेली तर गेली. काकूंना एकट्या जाऊ द्यायचं नाही. तिनं शेवटचा ठेका वाजवला, श्वास भरून घेतला आणि तोंड उघडलं.

आणि डब्यातल्या माणसांना ढकलत राजाकाकू दाराशी उगवल्या. तो ठेका त्यांनी पन्नास भाद्रपद ऐकला होता. तो दफ्तरदारांच्या उंबऱ्याशिवाय जगात दुसरीकडे कुठं वाजत नाही. समोर तोंड उघडून उभी असलेली प्रियांका त्यांनी पाहिली, मग डब्यावरची पाटी पाहिली. दोन हमालांनी त्यांना हाताला धरून फलाटावर उतरवलं आणि महूची गाडी त्यांच्यावाचून निघून गेली.

प्रियांकानं तोंड मिटलं. फलाटावर टाळ्या पडल्या. कशाबद्दल, ते टाळ्या वाजवणाऱ्यांनाही नीटसं ठाऊक नव्हतं.

उजवीकडची गाडी अजून उभी होती. चहावाल्यानंच वाट करून दिली, ‘हटो भिया, माताजी जा रही हैं!’ आणि दोघी चढल्या. डब्यात गौरीला खिडकी मिळाली.

देवासपर्यंत राजाकाकू एक शब्द बोलल्या नाहीत. एका सुनेचं मौन होतं, आता दोघींचं झालं. प्रियांका मात्र मनाशी हिशेब करत होती. बोलले नाही, हे खरं. पण थाळी वाजवली. उंबरा सोडून, इंदूरच्या फलाटावर, हमालांच्या घोळक्यात. एक नेम राखला, दुसरा मोडला. आणि काकूंनी ते पाहिलं आहे.

देवासला टेकडीमागं ऊन कलंडत होतं तेव्हा त्या दारात पोचल्या. माई खुर्चीवर उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या, शेजारी देवश्री दूधपाणी घेऊन उभी, मागं मयुरेश. गौर आणणारीचे पाय धुवायचे, मग आत घ्यायचं. पण माईंनी हात वर केला.

‘राजा, बोलली का ही?’

प्रियांकानं डोळे मिटून घेतले.

‘नाही बोलली,’ राजाकाकू म्हणाल्या. ‘मी बसमध्ये नाही नाही ते बोलले हिच्याबद्दल. खोटं बोलले. तरी नाही बोलली.’ त्या थांबल्या. मग आवाज जरा खाली आला. ‘पण थाळी वाजवली. इंदूरला, स्टेशनावर.’

मयुरेशनं कपाळाला हात लावला.

‘मी महूच्या गाडीत बसले होते,’ राजाकाकू म्हणाल्या. हे वाक्य त्यांना किती जड गेलं, ते सगळ्यांना दिसलं. ‘पाटी वाचली नाही. गाडी सुटली होती. हिनं थाळी वाजवून मला उतरवलं. आणि मी दाराशी आले तेव्हा हिनं ओरडायला तोंड उघडलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. माझ्यापायी गौर सोडायला निघाली होती ही.’ त्यांनी पदरानं नाक पुसलं. ‘मी असते हिच्या जागी, तर म्हटलं असतं, जाऊ दे थेरडीला महूला.’

टेकडीवरचं ऊन आणखी थोडं उतरलं.

‘थाळी कशाला वाजवतात?’ माईंनी विचारलं. ‘घरची लक्ष्मी घरी यावी म्हणून. घरची लक्ष्मी महूला निघाली होती, ती वाजवल्यावर परत आली. मग चुकलं कुठं?’ आणि काठी जमिनीवर टेकून त्या म्हणाल्या, ‘पुढल्या वर्षापासून इंदूर स्टेशनावर थाळी वाजवायची. दफ्तरदारांची रीत आहे.’

‘आणि काकूंनी आधी महूच्या गाडीत बसायचं का?’ मयुरेशनं विचारलं.

‘बसेन!’ राजाकाकू कडाडल्या. ‘रीत आहे तर बसेन!’

देवश्रीनं वाकून प्रियांकाच्या पायांवर दूधपाणी घातलं, कुंकवाची बोटं ओढली आणि वर बघून हसली, अगदी मनापासून. तिलाही माईंसारखीच बस लागायची आणि म्हणून गौरीच्या प्रवासाची धास्ती होती, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पिशवीतून थाळी घ्यायला प्रियांकाचा हात गेला, तर थाळी तिथं नव्हती. ती राजाकाकूंच्या हातात होती.

तीन संथ, दोन घाईचे. म्हातारीनं अशी वाजवली, की शेजारची दारं उघडली.

‘गौर आली?’ माईंनी रीतीप्रमाणे विचारलं.

सकाळपासून मिटलेले ओठ सुटले. घसा कोरडा पडला होता, पहिला शब्द खरखरीत आला. ‘आली.’

‘कशाच्या पावलांनी आली?’

याचं उत्तर ठरलेलं असतं, आणि ते चार पिढ्या बदललेलं नव्हतं. प्रियांकानं उजवं पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं आणि वरच्या गोदामापर्यंत पोचेल अशा आवाजात, आपल्या कुक्षीच्या मराठीत म्हणाली, ‘बसनं आली, रेल्वेनं आली, सोन्याच्या पावलांनी आली!’

आणि कुणीही हसलं नाही. माईंनी दोन्ही हात पुढं केले, गडू घेतला, कपाळाला लावला आणि परत तिच्याच हातात दिला. ‘तूच बसव गं. तुझी आहे.’

प्रियांकानं गौर बसवली. फलाटावर थाळीत पडलेलं ते नाणंही तिनं गौरीपुढं ठेवलं, आणि मग बोलायला लागली ती पानं वाढेपर्यंत थांबली नाही.